नसांच्या दुखण्याची चिठ्ठी लिहिताना: फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

आदरणीय फॅमिली डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

वेदना-उपचाराच्या ओपीडीत आणि औषधांच्या काउंटरवर काम करणाऱ्या आम्हा काही जणांचे हे पत्र आहे. नसांच्या दुखण्याचा रुग्ण आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्या पिशवीतले औषध बहुधा योग्यच असते. बिघडलेले असते ते मात्रेचे गणित. कुठे डोस इतका कमी, की त्याने काही होणारच नव्हते. कुठे मूत्रपिंडाला झेपणार नाही इतका जास्त. आणि कुठे तीन-चार औषधे एकाच कॅप्सूलमध्ये कोंबलेली, त्यामुळे गुण कशाने आला आणि त्रास कशाने झाला हे कुणालाच सांगता येत नाही. मग रुग्ण म्हणतो, "सगळ्या गोळ्या करून झाल्या." खरे तर एकही गोळी पुरती करून झालेली नसते.

पत्र खुले आहे, त्यामुळे रुग्णही वाचतील. त्यांना एवढेच सांगणे, की यातले आकडे पाहून स्वतःचा डोस वाढवू नका आणि चालू गोळी एकदम बंद करू नका. का, ते पुढे येईलच.

आधी निदान. तळपायाची आग होते, मुंग्या येतात, सुया टोचतात, करंट लागल्यासारखी चमक मारते, रात्री चादर लागली तरी सहन होत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. रुग्णाच्या तोंडचे हे शब्द तसेच केसपेपरवर उतरवा. "पाय दुखतो" एवढे लिहिले की निम्मे निदान हरवते. डीएन-४ ही दहा मुद्द्यांची प्रश्नावली आहे: सात गोष्टी विचारायच्या आणि तीन कापूस, टाचणी व ब्रश घेऊन तपासायच्या. चार किंवा जास्त गुण आले तर दुखणे नसेचे असण्याची शक्यता मोठी. मधुमेही रुग्णाला बूट-मोजे काढायला लावून तळव्यावर १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) आणि अंगठ्यावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंपनाची जाणीव तपासायला) लावायला पाच मिनिटे पुरतात.

अशा दुखण्यावर डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल फारसे चालत नाहीत. पहिली दोन सूज आणि दाहाच्या वाटेवर काम करतात. इथे इजा झालेली नस स्वतःच खोटे संदेश पाठवत असते. तरीही "निदान एक इंजेक्शन तरी द्या" असा आग्रह होतो आणि आठवड्याला एक डायक्लोफेनॅक टोचले जाते. मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला ते महागात पडते. त्याच रुग्णाला नसांच्या दुखण्याचे प्रीगॅबालिन चालू असेल तर ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडणारे असल्याने अंगात साठू लागते. आठवड्याभरात रुग्ण झोकांड्या खाऊ लागतो आणि घरचे म्हणतात, वय झाले.

गोळी लिहिण्यापूर्वी कारण शोधायला हवे. शुगर तर पाहतोच. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असलेल्या, त्यातही शाकाहारी रुग्णाचे बी-१२ तपासले आहे का? ते कमी असेल तर बी-१२ हाच उपचार, आणि तो पुरेशा मात्रेत, सुरुवातीला इंजेक्शनने. बी-१२ व्यवस्थित असेल तर रोजच्या मिथिलकोबालामिनने (बी-१२ चेच एक रूप) दुखणे कमी होते याला भक्कम आधार नाही. खिसा मात्र नक्की हलका होतो. दारूचे विचारा, केमोथेरपीचे विचारा. आणि इन्सुलिन नुकतेच सुरू झाले आहे का, हेही विचारा. एचबीए१सी (सरासरी साखरेचा आकडा) तीन महिन्यांत दोन टक्क्यांहून अधिक झपाट्याने खाली आणला तर काहींना पुढच्या काही आठवड्यांत पायांची भयंकर आग सुरू होते. रुग्ण इन्सुलिनला दोष देऊन ते सोडतो. त्याला आधीच सांगून ठेवले, तर तो टिकतो.

तीन ठिकाणी वेदनाशामकाने दुखणे झाकणे धोक्याचे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या डॉक्टरांना पहिले सांगायला नको. फिकट बधिर चट्टा, कोपरामागची नस जाड आणि हात लावताच कळ, करंगळीची ताकद कमी होत चाललेली, असे चित्र असेल तर तो कुष्ठरोगातला नसेचा दाह असू शकतो. तिथे प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा काही महिन्यांचा उतरता कोर्स लागतो. प्रीगॅबालिनवर ठेवलेल्या रुग्णाचा हात कायमचा वाकडा होऊ शकतो. दुसरे म्हणजे जीबीएस, अर्थात गिया-बारे सिंड्रोम: शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात त्याचे रुग्ण वाढले तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. जुलाबानंतर काही दिवसांनी पाठ-पाय दुखून मुंग्या येत असतील आणि जिना चढवत नसेल, तर गोळीची चिठ्ठी नको, त्याच दिवशी मोठे रुग्णालय. पाठदुखीबरोबर लघवी अडणे किंवा बैठकीची जागा बधिर होणे, यालाही तोच नियम.

आता औषधे. अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे सगळ्यात जुने आणि सगळ्यात स्वस्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही आहे. २०१५ च्या मोठ्या आढाव्यात या गटाची औषधे साधारण चार जणांना दिली तर एकाला, ड्युलॉक्सेटिनचा गट सहा-सात जणांना दिला तर एकाला आणि प्रीगॅबालिन सात-आठ जणांना दिले तर एकाला दुखणे निम्म्यावर येण्याइतका आराम पडलेला दिसतो. हा आकडा रुग्णालाही सांगावा. पहिल्या गोळीने गुण आला नाही म्हणजे डॉक्टर चुकला, असे त्याला वाटत नाही.

सुरुवात १० मिग्रॅने. "रात्री झोपताना" असे लिहू नका, "रात्री ८ वाजता" असे लिहा. साडेदहाला घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी अंगावर राहते, दोन-अडीच तास आधी घेतलेली तेवढी राहत नाही. आठवड्याला १० मिग्रॅ वाढवत २५ ते ५० पर्यंत न्या, कमाल ७५. चाळिशीपुढे आधी ईसीजी काढा. प्रोस्टेट वाढलेल्याला लघवी अडते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्याचा दाब वाढतो, हार्ट ब्लॉक किंवा नुकताच झटका आलेल्याला देऊच नये. ज्येष्ठांना तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता आणि उठताना चक्कर हे त्रास जास्त. तिथे याच गटातले नॉरट्रिप्टिलीन १० मिग्रॅ बरे सोसते. घरात कुणी निराश अवस्थेत असेल तर महिन्याचा साठा एकदम देऊ नका, कारण जास्त मात्रेत हे औषध हृदय थांबवते.

या गोळीचा उपचार मोडतो तो बहुतेकदा औषध दुकानाच्या काउंटरवर. पट्टीकडे पाहून कुणीतरी सहज म्हणते, "ही तर डिप्रेशनची गोळी आहे." रुग्ण घरी जातो, गोळी कपाटात ठेवतो आणि पुढच्या भेटीत सांगतो की काही फरक नाही. म्हणून चिठ्ठीवरच लिहा: "नसांच्या दुखण्यासाठी". दुकानदारालाही ते दिसते.

ड्युलॉक्सेटिन ३० मिग्रॅ सकाळी नाश्त्यानंतर, आठवडा-दोन आठवड्यांनी ६०. त्यावर नेल्याने फायदा फारसा वाढत नाही, मळमळ वाढते. उपाशीपोटी घेतली की पहिल्या आठवड्यातच रुग्ण ती सोडतो. यकृताचा आजार, भरपूर दारू, क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती गाळते याचा आकडा, मिली प्रति मिनिट) ३० च्या खाली, यात टाळा. बीपी पाहत राहा. कॅप्सूल उघडून पाण्यात मिसळायची नाही. केमोथेरपीनंतरच्या पायांच्या दुखण्यात आधार आहे तो प्रामुख्याने हिलाच. जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन दिले तर रक्तातली तिची पातळी बरीच चढते, हे लक्षात असू द्या.

आता प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन, म्हणजे सर्वांत जास्त लिहिली जाणारी जोडी. हिशेब इथेच सर्वाधिक चुकतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवू. बाई ७२ वर्षांच्या, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.३. रिपोर्टवर आकडा "थोडासा वर" एवढाच दिसतो. सूत्र असे: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, बाईंसाठी उत्तराला ०.८५ ने गुणायचे. ६८ गुणिले ४८ म्हणजे ३२६४, त्याला ९३.६ ने भागले की ३४.९, गुणिले ०.८५ म्हणजे २९.६. क्लिअरन्स ३० च्या खाली! या पट्ट्यात (१५ ते ३०) प्रीगॅबालिनची दिवसाची कमाल मात्रा १५० मिग्रॅ. म्हणजे "७५, सकाळ-संध्याकाळ" ही आपल्याला किरकोळ वाटणारी चिठ्ठी या बाईंसाठी निरोगी माणसाच्या ६०० मिग्रॅइतकी झाली. यांना सुरुवात २५ मिग्रॅने रात्री. वजन न करता आणि क्रिएटिनिन न पाहता साठीपुढच्या माणसाला प्रीगॅबालिन लिहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूत्रपिंड ठीक असेल तर रात्री ७५, आठवड्याने ७५ दोनदा, गरज पडली तर १५० दोनदा. क्लिअरन्स ३० ते ६० मध्ये असेल तर हे सगळे निम्मे. गॅबापेंटिन रात्री ३०० ने सुरू करून काही दिवसांत ३०० तीनदा. ज्येष्ठांना १०० ने. गॅबापेंटिनची एक खोड आहे: आतड्यातून आत घेणारी वाट अरुंद, त्यामुळे एका वेळचा डोस वाढवला की शोषणाचे प्रमाण घटते. म्हणून दिवसाच्या मात्रेचे तीन भाग करावेच लागतात. रात्री एकदम ९०० देऊन भागत नाही. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पातळ अँटासिड बरोबर घेतले तर शोषण आणखी कमी होते. दोन तासांचे अंतर ठेवा.

पायावर सूज आली की काय होते ते पाहा. प्रीगॅबालिनने पाय सुजतात, वजन वाढते. सूज दिसली की बीपीचे अमलोडिपिन बंद होते, किंवा लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड सुरू होते; मग सोडियम-पोटॅशियम बिघडते, रात्री लघवीला उठताना माणूस पडतो. शुगरसाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर सूज जोडीने येते. नवी गोळी लिहिण्याआधी महिनाभरात काय सुरू झाले ते चिठ्ठीत शोधा, आणि शक्य तर तेच कमी करा. रिक्षा, ट्रक, क्रेन चालवणाऱ्याला पहिला डोस सुट्टीच्या आदल्या रात्री द्यावा.

या औषधांची नशाही होते. ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून दोन्ही नियंत्रित औषधांच्या यादीत टाकली. आपल्याकडे पंजाबातल्या काही जिल्ह्यांत ७५ मिग्रॅपेक्षा मोठ्या प्रीगॅबालिन कॅप्सूलच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्या जोडीला ती श्वास मंदावतात. ट्रॅमाडॉल आपल्याकडे २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. ते दुसऱ्या फळीचे औषध, थोड्या दिवसांसाठी. फिट्स येणाऱ्याला नको आणि ड्युलॉक्सेटिनबरोबर नको.

आता मूळ गाऱ्हाणे, एकत्रित कॅप्सूलचे. प्रीगॅबालिन ७५ अधिक मिथिलकोबालामिन, प्रीगॅबालिन ७५ अधिक नॉरट्रिप्टिलीन १०, काहींत वर अल्फा लिपोइक अ‍ॅसिड, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-६. लिहायला सोपी, रुग्णाला एकच गोळी, हे मान्य. पण रुग्णाला आराम हवा म्हणून कॅप्सूल दोन केल्या की सगळेच दुप्पट होते. लघवी अडखळू लागली तर दोष नॉरट्रिप्टिलीनचा, पण थांबते प्रीगॅबालिनही. गुंगी आली तर कोणाची, हे शोधायची सोयच नाही. २५ ने सुरुवात करावी अशा आपल्या ७२ वर्षांच्या बाईंना ७५ ची कॅप्सूल कापून देता येत नाही. आणि बी-६: दोन-तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्यांतून ते तीन ठिकाणांहून पोटात जाते, आणि जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलेले बी-६ स्वतःच नसा खराब करते. पायाच्या मुंग्यांवर दिलेल्या गोळीनेच मुंग्या! सुटे प्रीगॅबालिन आणि सुटे नॉरट्रिप्टिलीन लिहा. दोन्हीचे डोस बसले, महिना-दोन महिने टिकले, की मग हवी तर एकत्रित कॅप्सूल.

एका औषधाला न्याय द्यायचा तर सोसवेल त्या पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे थांबावे लागते. शून्य ते दहामधला दुखण्याचा आकडा पहिल्या भेटीत लिहा. ८ चा ५ झाला तर ते यश आहे. शून्याचे आश्वासन देऊ नका. थोडा गुण आला पण पुरेसा नाही, तर औषध न काढता दुसऱ्या गटातले जोडा. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑप्शन-डीएम या ब्रिटिश चाचणीत मधुमेहातल्या नसदुखीवर अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन यांपैकी कशानेही सुरुवात केली तरी सरासरी सारखाच आराम मिळाला, आणि एकाने न भागलेल्यांना जोडीने आणखी फायदा झाला. जोडी मात्र प्रीगॅबालिनशी होती. अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि ड्युलॉक्सेटिन एकमेकांत मिसळू नका. ड्युलॉक्सेटिन अ‍ॅमिट्रिप्टिलीनची पातळी वाढवते.

सायटिका मात्र वेगळी. २०१७ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत प्रीगॅबालिन आणि साखरेची गोळी यांत फरक दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. कंबरेतून पायात चमक गेली की प्रीगॅबालिन, ही सवय सोडायला हवी.

चेहऱ्याच्या नसेचे दुखणे, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, यात पहिले औषध कार्बामाझेपिन. दात घासताना, चहाचा घोट घेताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी गालात वीज चमकते, आणि निदान होईपर्यंत एक-दोन चांगले दात उपटले गेलेले असतात. १०० मिग्रॅ दोनदा, दर तीन दिवसांनी १०० ते २०० ने वाढवत. बहुतेकांना दिवसाला ४०० ते ८०० पुरते, कमाल १२००. तीन-चार आठवड्यांनी दुखणे पुन्हा डोके वर काढते, कारण हे औषध स्वतःचेच विघटन वेगाने करू लागते. डोस किंचित वाढवा, औषध निकामी झाले असे समजू नका. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले तर गोळी त्याच क्षणी बंद. एकदम बंद करायची नाही या नियमाला हा अपवाद. आशियाई वंशाच्या काही लोकांत त्वचेची ही जीवघेणी प्रतिक्रिया आनुवंशिक कारणाने जास्त होते. ज्येष्ठांचे सोडियम तपासत राहा.

नागीण. दोन्ही टोके जुळली की माणूस जातो, हा समज अजून गेलेला नाही, आणि लेप नि मंत्रात नेमके पहिले तीन दिवस जातात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी. पहाटेचा डोस नेहमी चुकतो, म्हणून परवडत असेल तर व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम तीनदा. नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी. फोड वाळून तीन महिने झाले तरी आग राहिली, तर वरचीच औषधे. शिवाय अखंड त्वचेवर लिडोकेन ५ टक्के पट्टी, १२ तास लावायची, १२ तास काढायची. कॅप्सेसिन ०.०७५ टक्के क्रीम दिवसातून तीन-चार वेळा नेमाने लावले तरच चालते. पहिला आठवडा जळजळ वाढते, आणि लावल्यावर साबणाने हात न धुता डोळा चोळला तर काय होते ते मिरची चिरणाऱ्याला सांगायला नको. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते.

क्षयरोगाच्या रुग्णाबद्दल एक इशारा. आयसोनियाझिडबरोबर बी-६ १० ते २५ मिग्रॅ चालू आहे ना, पाहा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात लिनेझोलिड असते आणि त्यानेही पायांची आग होते. त्यावर अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन किंवा ट्रॅमाडॉल देऊ नका. लिनेझोलिडशी मिळून ताप, थरथर, घाम, बडबड असे सेरोटोनिनचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. शिवाय याच क्षयातल्या बेडाक्विलिन या औषधाने ईसीजीतला क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक टप्पा; तो लांबला की ठोके बिघडू शकतात) आधीच लांबलेला असतो, त्यात अ‍ॅमिट्रिप्टिलीनची भर. इथे प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन, आणि क्षयरोग केंद्राला लगेच कळवा, कारण लिनेझोलिडचा डोसच बदलावा लागू शकतो.

बंद करतानाही पायऱ्या हव्यात. प्रीगॅबालिन आठवड्याला ५० ते १०० मिग्रॅ कमी करत, ड्युलॉक्सेटिन किमान दोन आठवड्यांत, अ‍ॅमिट्रिप्टिलीन साधारण महिन्याभरात. एकदम सोडल्यास झोप उडते, घाम येतो, दुखणे उसळते. गॅबापेंटिन-प्रीगॅबालिनमध्ये क्वचित फिट्सही येतात. आणि बधिर पायाला गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक नको. चटका बसलेला कळत नाही, फोड मात्र दुसऱ्या दिवशी दिसतो.

चिठ्ठी कशी असावी, याचा एक नमुना देतो. प्रकृतीला चालत असेल त्या रुग्णासाठी:

"अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ, नसांच्या दुखण्यासाठी. रात्री ८ वाजता. पहिला आठवडा १ गोळी, दुसरा आठवडा २, तिसऱ्या आठवड्यापासून ३. सकाळी फार गुंगी राहिली तर आधीच्या आठवड्याच्या संख्येवर परत यावे. लघवी अडली, छातीत धडधडले किंवा चक्कर येऊन पडलात तर त्याच दिवशी फोन. २८ दिवसांनी भेट. रोजचा दुखण्याचा आकडा कॅलेंडरवर लिहून आणणे. आजचा आकडा: ८."

कळावे, लोभ असावा.

आपले,
वेदना-उपचार आणि औषधनिर्माण क्षेत्रातले काही सहकारी